कोबोलला मुक्त कंपायलर लाभला, सांभाळणार कोण?

एप्रिल २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘जीसीसी १५’ या मुक्त कंपायलर-संचात कोबोल या भाषेचा समावेश झाला. १९५९ मध्ये आकारास येऊ लागलेल्या भाषेला हा मान पासष्ट वर्षांनी मिळावा, हे वरवर पाहता नवल वाटेल. परंतु जगातील अनेक बँका, विमा कंपन्या आणि सरकारी खाती यांचे हिशेब आजही कोबोलवर चालतात. एप्रिल २०२० मध्ये बेरोजगार भत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला, तेव्हा अमेरिकेतील न्यू जर्सीच्या गव्हर्नरांना कोबोल जाणणाऱ्या स्वयंसेवकांना जाहीर आवाहन करावे लागले होते. ‘वाय-टू-के’च्या काळात हीच भाषा शिकून परदेशी प्रणाली दुरुस्त करणाऱ्या भारतीय अभियंत्यांना हे नवे नाही.

जीसीसीची रचना अशी, की तिचा पुढचा भाग भाषा वाचून तिला एका समान अंतर्गत रूपात आणतो आणि मागचा भाग त्यातून यंत्राच्या आज्ञा घडवतो. त्यामुळे नव्या भाषेसाठी मुख्यतः पुढचाच भाग लिहावा लागतो. तथापि, काम तेथे संपत नाही. कोबोल पैशाचे आकडे बहुधा दशमान अंकांच्या रूपातच साठवते. डीबगरला ही साठवण उमगली नाही, तर खात्यातील शिल्लक पाहू जाता निरर्थक आकडे समोर येतात. जीडीबी या मुक्त डीबगरने फोर्ट्रान, एडा आणि रस्ट या भाषा आपल्याशा केल्या. त्याच्या अधिकृत यादीत कोबोल मात्र नाही. ज्या प्रणालीतील चूक शोधणे दुष्कर, तिच्यावर कोणती बँक आपले व्यवहार सोपवील?

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. जीसीसीत एकेकाळी जावाही होती. तिच्या देखभालीला पुरेसे हात उरले नाहीत आणि २०१७ मधील सातव्या आवृत्तीत ती वगळण्यात आली. जावाला अन्य मुक्त पर्याय उपलब्ध असल्याने तेव्हा फारसे बिघडले नाही. कोबोलच्या बाबतीत तशी निश्चिंती बाळगता येणार नाही.

मुक्त कंपायलरमुळे मोजक्या विक्रेत्यांवरील अवलंबित्व कमी होऊ शकते, हा लाभ निःसंशय मोठा आहे. परंतु मुक्त म्हणजे फुकट नव्हे. ज्यांचे हिशेब या भाषेवर उभे आहेत, त्या बँकांनी आणि शासनांनीच या साधनांच्या देखभालीचा भार उचलला पाहिजे. अन्यथा पुढच्या संकटात पुन्हा स्वयंसेवकांनाच हाका माराव्या लागतील.