टाळ्या फक्त उड्डाणालाच का?

रॉकेट उडाले की आपण सगळे टाळ्या वाजवतो. मग तो उपग्रह वर्षानुवर्षे काय करतो, हे मात्र फारसे कुणी विचारत नाही. मला हे पटत नाही.

'ॲस्ट्रोसॅट'चेच पाहा. २८ सप्टेंबर २०१५ रोजी तो श्रीहरिकोट्याहून झेपावला. त्यावर 'यूव्हिट' ही अतिनील दुर्बीण आहे. बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने पुण्याच्या 'आयुका'सारख्या संस्थांच्या साथीने ती घडवली. वजनदार तरुण तारे अतिशय तप्त असतात. त्यांचा बराचसा प्रकाश अतिनील असतो. ओझोनचा थर तो अडवतो, म्हणून दुर्बीण वर न्यावी लागते. हे तारे फार जगत नाहीत. त्यामुळे देवयानी दीर्घिकेच्या अतिनील छायाचित्रात ते जिथे चमकतात, तिथे तारे नुकतेच जन्मले, असे समजायचे.

यूव्हिटच्या आरशांचा व्यास जेमतेम ३७.५ सेंटिमीटर. अमेरिकेच्या 'गॅलेक्स'चा ५० सेंटिमीटर होता. तरी यूव्हिटची चित्रे अधिक रेखीव येतात.

"याचा सैन्याला काय उपयोग?" असे मित्र विचारतात. डोळ्यांना न दिसणारे टिपायला योग्य जागा आणि योग्य साधन निवडणे, ही टेहळणीच आहे. शिवाय ज्या देशाच्या रक्षणासाठी आपण घडतो आहोत, त्याला काय काय साधले आहे, हे आपल्याला ठाऊक नको?

या निरीक्षणांची माहिती ठरावीक मुदतीनंतर सर्वांसाठी खुली होते. आपल्या विज्ञान मंडळाने यंदा एक दीर्घिका निवडून तिच्यातले तरुण तारे शोधावेत. टाळ्या त्यालाही वाजवू.