दर दारावर लावा

दसऱ्याला फड बाहेर पडतील. त्याआधी सुपाऱ्यांचे आकडे ठरतील, कनातीच्या तिकिटाचा दर ठरेल आणि दरवर्षीप्रमाणे बोलणे सुरू होईल की कलावंतांना आता पैसाच दिसतो. शिरूर-दौंड पट्ट्यात हे बोलणे जास्त ऐकू येते, कारण आपल्या धंद्याच्या तिन्ही वाटा इथे जवळजवळ आहेत. शिरूरच्या गावोगावच्या यात्रांत सुपारीचा तमाशा होतो, मोठ्या गावाला तिकिटाची कनात उभी राहते आणि न्हावऱ्याहून भीमा ओलांडून खाली चौफुल्याला आले की संगीत बारीची थिएटरे लागतात. हे मासिक वाचणारे बहुतेकजण यांपैकी कुठल्या तरी वाटेवर पोट भरतात. म्हणून आमचे मत सरळ सांगतो. जास्त पैसे घेण्यात अनीती नाही. जो दर आधी सांगितलेला नसतो, जो अंधारात ठरतो, त्यात अनीती शिरते.

यात्रेचा तमाशा प्रेक्षकाला फुकट असतो, म्हणून तो निर्मळ वाटतो. पण पैसे कुणीतरी दिलेलेच असतात. घरटी वर्गणी निघत होती तोवर सारा गाव फडाचा मालक असे, आणि मालक इतके असले की कुणा एकाची मिजास चालत नाही. आता पुष्कळ ठिकाणी आकडा मोठा झाला म्हणून एखादा पुढारी किंवा गुंठ्यांच्या पैशाचा धनी सगळी सुपारी उचलतो. मग पुढच्या खुर्च्या त्याच्या. गवळण आवरती घ्यायची त्याच्या सांगण्यावरून, वग अर्धा कापायचा तोही त्याच्या सांगण्यावरून, आणि एकच गाणे पुन्हा पुन्हा म्हणायचे ते त्याच्या पाहुण्यांसाठी. २०२३ साली इंदुरीकर महाराजांनी गौतमी पाटील यांच्या तीन गाण्यांना तीन लाख मिळतात असे म्हटले, तेव्हा महाराष्ट्रभर त्या आकड्यावर वाद झाला. असे पैसे कोण देतो आणि त्या बदल्यात त्याला काय हवे असते, हे फारसे कुणी विचारले नाही. आमच्या दृष्टीने प्रश्न तोच आहे.

सुपारीचा आकडा मोठा दिसतो तो का, हे यात्रा कमिट्यांना माहीत नसेल तर फडमालकांनी सांगायला हवे. मोठ्या फडात शंभरावर माणसे असतात. ट्रक, जनरेटर, लाइट, कनात, दोन वेळचे जेवण आणि हंगामापूर्वी कलावंतांना दिलेली उचल. ही उचल बहुधा फडमालकाने व्याजाने काढलेली असते. एका अवकाळी पावसाने खेळ बुडाला तरी व्याज बुडत नाही. विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींचा सन्मान मिळाला, त्यांच्या नावावर हजारोंची गर्दी लोटली, आणि २००२ साली त्या गेल्या तेव्हा दवाखान्याचा खर्च लोकांच्या मदतीतून भागवावा लागला होता. कलावंताने जास्त मागणे अनैतिक म्हणणाऱ्यांनी हा हिशोब आधी करावा.

चौफुल्याचा प्रश्न अधिक अवघड आहे, आणि त्यावर आपण आपसात बोलायचे टाळतो. बारीच्या तिकिटाचे उत्पन्न थोडे. त्यातून थिएटरचा हिस्सा जातो, उरलेल्यात पार्टीतल्या मुली, ढोलकी, पेटी, तबला. पोटापुरता पैसा येतो तो दौलतजादा आणि बैठकीतून. बैठकीची अदाकारी ही मोठी विद्या आहे, तिला नावे ठेवणाऱ्यांशी आमचे पटणार नाही. पण बैठकीचा दर समोरच्याच्या खिशावर, त्याच्या नशेवर आणि त्याच्या बरोबर आलेल्या माणसांवर ठरतो. नोट हवेत धरून जो गाणे मागतो, त्याला थोड्या वेळाने वाटू लागते की गाण्याबरोबर गाणारीही आपली झाली. २०२५ च्या जुलैमध्ये याच भागातल्या एका कला केंद्रात गोळीबार झाला. अशा वेळी बदनामी पार्टीच्या बायकांची होते. त्यांनी नाचताना काही चुकवले होते का? चूक पैसे देण्याच्या त्या रीतीत आहे, जिच्यात देणाऱ्याला मर्यादा नाही आणि घेणारीला नाही म्हणायची सोय नाही.

महाग तिकिटाला मर्यादा असते. ८ जुलै १९२१ रोजी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी मुंबईत 'संयुक्त मानापमान' केले, तेव्हा चढ्या दराची तिकिटे हातोहात गेली. पैसा टिळक स्वराज्य फंडासाठी होता आणि दर सगळ्यांना ठाऊक होता. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत कोल्डप्लेचे खेळ झाले, त्याची तिकिटे अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत होती. पस्तीस हजार आम्हालाही फार वाटतात, पण तो आकडा छापलेला होता. नको त्याने घेऊ नये. खरी लूट पुढे झाली, तीच तिकिटे काळ्या बाजारात लाखांत विकली गेली तेव्हा, आणि त्या वरकड पैशाचा रसिकाला उपयोग नव्हता, वादकालाही नव्हता.

तरीही दराला दुसरी बाजू आहे. आपला प्रेक्षक ऊसतोडीवरचा, रांजणगावच्या कारखान्यांतला, पाळी संपवून डबा हातात घेऊन आलेला. त्याला बाहेर ठेवून तमाशा जगणार नाही. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात सोफा-खुर्ची महाग आणि भारतीय बैठक त्या मानाने खूप स्वस्त असते. गाणे दोघांना एकच. कनातीतही खुर्चीचा दर खुशाल वाढवावा, जमिनीवरचा खाली ठेवावा. कराचा नियमही या बाजूने आहे. पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी नाही, आणि लोककलावंताच्या कार्यक्रमाचे दीड लाखापर्यंतचे मानधनही जीएसटीमुक्त आहे. रोखीत, पावतीशिवाय व्यवहार करण्याचे कारणच छोट्या फडांना उरत नाही.

आणि वाढलेला पैसा खाली झिरपला पाहिजे. कवठे येमाईचे बशीर मोमीन कवठेकर यांनी कितीतरी फडांना लावण्या आणि वग लिहून दिले. असे लेखन एकदा मोबदला देऊन घेतले जाते आणि पुढे वर्षानुवर्षे तिकिटावर खपते. सुपारीचा आकडा वाढवताना लिहिणाऱ्याचा आणि ढोलकीवाल्याचा वाटा त्याच प्रमाणात वाढवला, असे किती फडमालक छातीवर हात ठेवून सांगू शकतील?

येत्या हंगामासाठी आमची विनंती थिएटरचालकांना आहे. फर्माईशीचा आणि बैठकीचा दर, वेळेसकट, फलकावर लिहा. पावती खिडकीवर फाडा, नोट मंचापर्यंत येऊ देऊ नका. पहिल्या वर्षी पार्टीचे उत्पन्न घटेल, हे आम्ही जाणतो. ती घट पार्टीमालकिणीने एकटीने सोसू नये. थिएटरने त्या वर्षापुरता आपला हिस्सा कमी करावा, आणि किती कमी केला तेही फलकावर लिहावे.