संशोधन प्रकल्पातला पगार हप्त्यावर का?



संशोधनावर जास्त खर्च व्हावा, याबद्दल आपल्याकडे कुणाचे दुमत नसते. पण त्या पैशातून नेमलेल्या माणसांच्या सेवाशर्ती कुणी वाचत नाही. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या एका संस्थेच्या लेखा विभागात मी नोकरी केली. या शर्ती मला रोज हाताळाव्या लागत, म्हणून हे पत्र.

प्रकल्प मंजूर होतो तीन वर्षांसाठी. पैसे मात्र वर्षावर्षाच्या हप्त्याने येतात. पुढचा हप्ता हवा असेल तर आधीच्या खर्चाचे उपयोगिता प्रमाणपत्र पाठवा, मग दिल्लीहून शंका, मग खुलासे. तोवर प्रकल्पाच्या खात्यात खडखडाट. काचसामान पुरवणारा व्यापारी उधारी सोसतो, त्याला दुसरी गिऱ्हाइके असतात. प्रोजेक्ट असोसिएट मुलाला दुसरा पगार नसतो आणि खोलीमालक हप्त्याची वाट पाहत नाही. त्याच इमारतीत कायम सेवकांचा पगार महिनाअखेरीस बिनबोभाट जमा होतो. मनुष्यबळ हे नियमांच्या लेखी रसायने, प्रवास यांच्याच रांगेतले एक खर्चाचे शीर्ष आहे. सगळे दुखणे इथे आहे.

महागाई भत्त्याचेही तेच. केंद्रीय कर्मचाऱ्यांचा भत्ता वर्षातून दोनदा सुधारतो. जेआरएफ, एसआरएफ, आरए या पदांवरच्या संशोधकांना घरभाडे मिळते, महागाई भत्ता मिळत नाही. जेआरएफची रक्कम 2014 साली 25,000 रुपये झाली, 2019 साली 31,000 आणि 2023 साली 37,000. मधल्या काळात एक रुपया वाढ नाही. शेवटच्या दोन्ही वाढींआधी संशोधकांना निदर्शने करावी लागली. प्रयोग टाकून फलक धरल्याशिवाय महागाई सरकारला दिसत नसेल, तर ही पगारवाढीची पद्धत म्हणावी की उपोषणाची?

शिवाय कामाऐवजी परीक्षेला दाम. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या 2020 च्या आदेशात प्रोजेक्ट असोसिएट-1 या एकाच पदासाठी नेट-गेटवाल्याला 31,000 आणि इतरांना 25,000 रुपये ठरले. उपकरण एक, वेळ एक. तीन वर्षे ते उपकरण चालवून हात बसलेल्याला ही तफावत कशी समजावायची, हे मला कधीच जमले नाही. बाळंतपणाची रजा नियमात आहे. पण त्या महिन्यांत बदली माणूस कुठल्या पैशातून नेमायचा, याची तरतूद सहसा नसते. परिणामी मुलाखतीत न विचारायचे प्रश्न आडून विचारले जातात.

या सगळ्या तक्रारींवर ठरलेले उत्तर म्हणजे उमादेवी खटला. तात्पुरत्या नेमणुकांतून कायम नोकरीचा हक्क निर्माण होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली सांगितले. तरीही हक्काचा दावा होईल या धास्तीने काही संस्था दोन नेमणुकांमध्ये कागदोपत्री एक-दोन दिवसांचा खंड पाडतात. प्रकल्पाची पदे मुदतीचीच असणार, हे मलाही मान्य आहे. सहा वर्षे काम केले म्हणून कायम करा, अशी सरसकट मागणी मी करणार नाही. पण मुदतीची नोकरी आणि वेळेवर पगार यांत विरोध कुठे आहे? उमादेवी निकालात पगार लांबवायला परवानगी दिलेली नाही.

संस्थांना प्रकल्पामागे ओव्हरहेडची रक्कम मिळते. वीज, पाणी, कार्यालयीन खर्च त्यातून भागतो. त्यातलाच काही भाग राखीव ठेवून संस्थेने पगार महिन्याच्या महिन्याला द्यावा आणि हप्ता आला की वळता करून घ्यावा. हिशेबाच्या दृष्टीने यात अवघड काही नाही; अडतो तो अधिकार, कारण आगाऊ रक्कम देण्याच्या टिपणावर सही करायला कुणी धजत नाही. म्हणून ही अट अनुदान देणाऱ्यानेच घालायला हवी. 2023 च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानने आपल्या प्रत्येक मंजुरीपत्रात ती घालावी आणि मानधनाची रक्कम महागाई निर्देशांकाशी जोडावी.

— एक निवृत्त लेखाधिकारी, पुणे