एका पुराचे चार कागद

उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात एक जुनी चिंच आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदी हैदराबाद शहरात शिरली, तेव्हा दीडशेच्या आसपास माणसं या चिंचेवर चढून वाचली, असं इथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. २०२४ च्या पावसाळ्यात माझ्या रविवारच्या मराठी वर्गातली सातवी-आठवीची अकरा मुलं घेऊन मी तिथे गेले होते. सगळी माना वर करून बघत राहिली. मग एका मुलीने विचारलं, "बाई, दीडशे माणसं मावतील यावर?"

आदल्याच आठवड्यात याच मुलीने मला मुसीच्या महापुरावरचा 'प्रोजेक्ट' आणून दिला होता. चकचकीत फाइल, रंगीत छापलेले तीन फोटो आणि त्याखाली ठळक अक्षरात ओळी: मोठा पूर आला, फार नुकसान झालं, आपण निसर्गाचा आदर केला पाहिजे. मी ती फाइल तशीच परत केली होती. त्यात तिची काही चूक नव्हती. प्रोजेक्ट म्हणजे काय, हे आपण मोठ्या माणसांनी तिला जसं शिकवलं, तसंच तिने केलं होतं. चिंचेखालचा प्रश्न मात्र तिला कोणी शिकवला नव्हता.

मुलांनी हातात हात गुंफून खोडाला वेढा घातला, जाड फांद्या मोजल्या. एका फांदीवर किती जण दाटीवाटीने बसतील, यावर पंधरा मिनिटं भांडली. आमचं खरं संशोधन तिथे सुरू झालं.

शाळेतल्या प्रकल्पांबद्दल मला तक्रार करायची आहे, आणि ती मुलांविरुद्ध नाही. रात्री नऊ वाजता पालकांच्या गटावर निरोप येतो, आई स्टेशनरीच्या दुकानात धावते, चार्टपेपर येतो, गुगलवरची माहिती डिंकाने चिकटते. लिहिणं त्यात नसतंच. दुसरीकडे भाषेच्या तासाला 'उपयोजित लेखन' असतं: पत्र, बातमी, जाहिरात, सारांश. तिथे लिहिणं असतं, पण सांगण्यासारखं काही नसतं. 'अ.ब.क.' नावाचा विद्यार्थी कुठल्या तरी पुस्तक विक्रेत्याकडे पुस्तकांची मागणी करतो, आणि ती पुस्तकं कधीच येणार नसतात. एका तासाला माहिती आहे पण लेखन नाही, दुसऱ्या तासाला लेखन आहे पण माहिती नाही. हे दोन तास एकत्र आणले, तर बारा-तेरा वर्षांचं मूल काय करू शकतं ते मी स्वतः पाहिलं आहे, आणि ते प्रत्येक शाळेत व्हावं असं मला मनापासून वाटतं.

कल्पना माझी नाही. टॉम रोमानो या अमेरिकी शिक्षकाने १९९५ मध्ये 'रायटिंग विथ पॅशन' या पुस्तकात ती मांडली. एकाच विषयाचा शोध घ्यायचा, पण सापडलेलं एका लांबलचक निबंधात न कोंबता पत्र, कविता, बातमी, संवाद, यादी अशा वेगवेगळ्या लेखनप्रकारांत लिहायचं. रोमानोंना हे सुचलं मायकेल ओंदात्जे यांचं बिली द किड या अमेरिकी गुंडावरचं १९७० चं पुस्तक वाचून.

पण मराठी माणसाला यात परकं वाटावं असं काहीच नाही. इतिहासकार राजवाड्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडामागून खंड काढली, त्यात काय आहे? पत्रं, करीने, महजर, याद्या, हिशेब. आपला इतिहास आपल्याकडे आलाय तोच असा नाना तऱ्हेच्या कागदांतून. पानिपत एकच, पण पत्रातलं वेगळं, बखरीतलं वेगळं, पोवाड्यातलं वेगळं. तिन्ही वाचल्याशिवाय ते पुरतं कळत नाही. मी मुलांना एवढंच सांगितलं की १९०८ च्या पुराची साधनं शोधायची, आणि मग प्रत्येकाने आपले चार कागद तयार करायचे. चारही वेगळ्या जातीचे हवेत.

पहिल्या दोन रविवारी कोणीच काही लिहिलं नाही. आम्ही फक्त विचारत आणि टिपत होतो. तारखेपासूनच गंमत सुरू झाली. एका मुलाच्या आजोबांच्या कपाटात जुना कागद होता, त्यावर फसली सन. निजामाच्या राज्यात सरकारी कामकाज फसलीत चाले. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो, हे मुलांनी स्वतः पडताळून पाहिलं. एका मुलाने शेजारच्या घरातून हिजरी सन आणला: १३२६, रमजानची सुरुवात. मग कोणीतरी म्हणालं, आपलं पंचांग बघू या. अमावास्या झाली होती २५ सप्टेंबरला. म्हणजे पूर आला तेव्हा घट नुकतेच बसले होते, आणि तेलुगू घरांत फुलांची बतुकम्मा सुरू होती. रमजान, नवरात्र, बतुकम्मा, तिन्ही एकाच आठवड्यात, आणि त्याच आठवड्यात नदी! मी तीस वर्षं या शहरात राहते, दर सप्टेंबरात त्या पुराबद्दल वाचते, पण हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. त्या दिवशी वर्गातली नेहमीची बडबड आपोआप थांबली. पुरात गेलेली माणसं तोवर एक आकडा होती, आता ती रोजा धरलेली, घटापुढे माळ बांधलेली, फुलांची रास रचणारी माणसं झाली.

आकड्यावरूनही वाद झाला. बहुतेक ठिकाणी मृतांची संख्या १५,००० सांगतात, तर काही ठिकाणी त्याहून कितीतरी जास्त. मुलांना एकच उत्तर हवं होतं. मी म्हटलं, दोन्ही लिहा, आणि कुठे वाचलं तेही लिहा.

मग लेखन सुरू झालं आणि या पद्धतीतलं मर्म मला तिथे दिसलं. लेखनप्रकार हा सजावटीचा कागद नसतो, तो मुलाला प्रश्न विचारत बसतो. निबंधात 'वाहतूक ठप्प झाली' लिहून सुटता येतं. पण एका मुलीने नांदेडच्या मामांना पत्र लिहायचं ठरवलं आणि पहिल्याच ओळीत अडली: हे पत्र जाणार कसं? मग तिने शोधलं की हैदराबादहून गोदावरी खोऱ्यातून मनमाडपर्यंतची रेल्वे १९०० मध्येच सुरू झाली होती. पण नदी ओलांडून स्टेशनापर्यंत पोचणार कसं? अफजल पूल, मुसल्लम जंग पूल, चादरघाटचा पूल, सगळे तुटलेले. उभा राहिला तो १५७८ चा पुराना पूल. तिच्या पत्रातला माणूस शेवटी त्या पुलावरूनच गेला, आणि त्या प्रवासाच्या चार ओळी मला आजही आठवतात. त्या ओळींसाठी तिने नकाशा तीनदा काढला होता.

एकाने अभियंते विश्वेश्वरय्यांचा अहवाल लिहायला घेतला. पुराच्या दुसऱ्या वर्षी निजाम सरकारने त्यांना बोलावलं होतं. मुलाला आधी वाटलं, नदीला उंच भिंती बांधल्या की काम झालं. पण अहवाल लिहायचा तर कारण द्यावं लागतं. कारण शोधताना त्याला कळलं की पाणी शहरात तयार झालंच नव्हतं. वरच्या खोऱ्यात अतोनात पाऊस झाला, तलावांमागून तलाव फुटले आणि सगळं पाणी एकदम खाली आलं. म्हणून उपायही वरच: मुसीवर उस्मानसागर धरण, १९२० चं, आणि ईसा नदीवर हिमायतसागर, १९२७ चं. विश्वेश्वरय्या पुण्यात शिकले आणि खडकवासल्याला त्यांनी आपोआप उघडणारे दरवाजे बसवले, हे सापडल्यावर तर तो मला फोन करून म्हणाला, "बाई, ते आपल्याकडचेच निघाले की!" ते म्हैसूरचे, हे मी त्याला सांगितलं. त्याचा आनंद काही कमी झाला नाही.

सर्वांत सुंदर कागद मात्र एका अबोल मुलाचा. त्याने महजर लिहिला, म्हणजे साक्षीदारांसह दिलेला जुन्या पद्धतीचा निवाडा. ही तीच चिंच आहे काय, असा वाद उभा केला आणि एकेक साक्षीदार पुढे आणला: रुग्णालयातले एक मामा, तिथला फलक, छापील पुस्तक, स्वतः झाड. जुन्या महजरांवर कुणब्याची निशाणी नांगर असते, हे मी त्याला दाखवलं होतं. त्याने मामांची निशाणी म्हणून किल्ल्यांचा जुडगा काढला. निवाड्यात लिहिलं, बहुतकरून तीच, परंतु पुस्तकाचा साक्षीदार प्रत्यक्ष हजर नव्हता. पुरावा म्हणजे काय, यावर मी तासभर बोलले असते तरी एवढं समजावू शकले नसते.

कल्पनेचं काय, हा प्रश्न पालक हमखास विचारतात. मुलांनी काहीबाही मनाचं लिहिलं तर ते संशोधन कसलं? शंका रास्त आहे आणि तिला उत्तर द्यायलाच हवं. आमचा नियम असा होता: प्रत्येक कागदामागे एक टिपणाचा कागद. त्यात कुठली गोष्ट कुठून मिळाली ते लिहायचं, आणि मनाची असेल तर 'हे मी रचलं' असं स्पष्ट लिहायचं. सहाव्या निजामाने, मीर महबूब अली खानांनी, नदी शांत व्हावी म्हणून तिची ओटी भरली अशी कथा हैदराबादेत सांगतात. दोघींनी ती आजीच्या तोंडची गोष्ट म्हणून लिहिली आणि टिपणात लिहिलं, 'सांगतात, कागद सापडला नाही.' दंतकथेला दंतकथेची जागा मिळाली की ती खोटी ठरत नाही आणि इतिहासाच्या वाटेतही येत नाही.

चिंचेखाली प्रश्न विचारणाऱ्या मुलीने शाळेचा हजेरीपट करायचा ठरवला. तिचे आजोबा विवेकवर्धिनीत शिकले. ती शाळा १९०७ ची, म्हणजे पूर आला तेव्हा जेमतेम वर्षाची. त्या आठवड्यात शाळा भरली होती का? आम्ही चार जणांना विचारलं, दोन पुस्तकं उघडली. मिळालं नाही. तिने हजेरीपटाचे रकाने आखले, सोमवार २८ सप्टेंबर लिहिलं आणि तो पूर्ण रकाना कोरा ठेवला. टिपणात एकच वाक्य होतं: 'इथे काय लिहावं ते मला माहीत नाही, म्हणून मी लिहिलं नाही.' फाइलमधल्या त्या चकचकीत ओळींपासून ती सहा आठवड्यांत इथवर आली होती.

भाषेचा मुद्दा हैदराबादेत टाळता येत नाही. ही मुलं शाळेत इंग्रजी, रस्त्यावर दखनी, मैदानावर तेलुगू आणि घरी, आई आठवण करून देईल तेव्हा, मराठी बोलतात. म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती त्यांनी दखनीत घेतल्या. त्या पुराला इथे 'तुगयानी' म्हणतात, हा शब्द त्यांना असाच मिळाला. अमजद हैदराबादी या उर्दू कवीची आई, पत्नी आणि मुलगी त्या एका पुरात वाहून गेली आणि तो एकटा उरला, हेही एका वृद्ध शेजाऱ्याने सांगितलं. लिहिताना मुलं विचारत, तुगयानीला मराठीत काय? मी म्हटलं, तुगयानीच लिहा. दखनीने आपला 'नको' घेऊन त्याचा 'नक्को' केला आणि तो आजही रोज वापरते. आपण तिचा एक शब्द घेतला तर काय बिघडलं?

शिक्षकाचं काम यात वाढत नाही, बदलतं. मी पहिल्या मसुद्यात ऱ्हस्वदीर्घ तपासले नाहीत, फक्त समासात प्रश्न लिहिले: ही बाई तेव्हा कुठे उभी होती? हा आकडा कुणाचा? ही सूचना कोण काढतंय, त्याला तो अधिकार आहे का? पाचवा-सहावा प्रश्न मुलं आपणहून एकमेकांना विचारू लागली. साठ मुलांच्या वर्गात हे जमणार नाही, असं शिक्षक मित्र म्हणतात. साठ जणांना चार कागद नका देऊ, दोन द्या. गटात द्या. पण त्यातला एक तरी कागद असा असू द्या की त्याचा नमुना पाठ्यपुस्तकात नसेल. आज पूर्ण निबंध यंत्राकडून क्षणात लिहून मिळतो. चिंचेच्या खोडाला किती मुलांचे हात पुरले, ते मात्र तिथे गेलेल्या मुलालाच लिहिता येतं.

गेल्या वर्षी, २०२५ च्या सप्टेंबरअखेरीस, उस्मानसागर आणि हिमायतसागर या दोन्ही जलाशयांचे दरवाजे उघडले आणि मुसी पुन्हा चढली. नदीकाठचं मोठं बसस्थानक पाण्यात गेलं. लोक त्याला इम्लीबन म्हणतात, चिंचेचं बन. त्या रात्री माझ्या फोनवर हजेरीपटवाल्या मुलीचा निरोप आला. ती आता नववीत आहे. तिच्या वडिलांनी सुरक्षित अंतरावरून काढलेला पुलाचा फोटो होता आणि खाली तिने लिहिलं होतं: "बाई, शनिवार, रात्री सव्वाबारा. पाणी कमानीच्या कुठल्या दगडापर्यंत आलंय ते मोजून वहीत लिहिलंय. पंचमी आहे आज."