भंगारात निघालेले दिवे

छंद म्हटला की पोस्टाची तिकिटे, नाणी, फार तर काड्यापेट्यांवरची चित्रे, एवढ्यावरच आपली गाडी थांबते. रस्त्यावरचे जुने दिवे गोळा करून ते दुरुस्त करण्याचा छंद काही लोकांना असतो, असे सांगितले तर पुष्कळांना हसू येईल. परंतु इंग्लंड-अमेरिकेत असे छांदिष्ट बरेच आहेत. ख्रिस बर्डन या अमेरिकन शिल्पकाराने २००० साली ओतीव लोखंडाचे जुने दिव्याचे खांब विकत घ्यायला सुरुवात केली. ते त्याने घासूनपुसून, रंगवून पुन्हा पेटते केले आणि २००८ साली असे २०२ खांब लॉस एंजेलिसच्या कलासंग्रहालयापुढे उभे राहिले.

आपल्याकडे हा विषय काढण्याचे कारण असे की, आपले जुने दिवे झपाट्याने नाहीसे होत आहेत. २०१५ साली रस्त्यांवर एलईडी दिवे बसविण्याची राष्ट्रीय योजना सुरू झाली आणि गावोगावचे पाऱ्याचे व सोडियमचे दिवे खांबांवरून उतरले. पाऱ्याच्या प्रदूषणाविषयीच्या मिनामाता कराराने सामान्य प्रकाशासाठीच्या उच्चदाब पारादिव्यांना २०२० ही मुदत घातली. या बदलाबद्दल माझी तक्रार नाही. तंतूचा दिवा एका वॅटला सुमारे १२ ल्युमेन प्रकाश देई, पाऱ्याचा ५० च्या आसपास, सोडियमचा १०० पर्यंत. एलईडी त्याहूनही पुढे गेला आहे आणि हवा तिकडेच प्रकाश टाकतो. तक्रार आहे ती एवढीच, की उतरवलेल्या दिव्यांतला एकही शाळेत न येता सगळे किलोच्या भावाने भंगारवाल्याकडे जातात. ज्या वस्तूत भौतिकशास्त्राची चार-पाच प्रकरणे कोंबून भरली आहेत, तिची किंमत निव्वळ पत्रा आणि तांब्याची तार एवढीच धरायची?

उदाहरणादाखल पाऱ्याचा दिवा घ्या. बाहेरच्या पांढुरक्या काचेच्या आत बोटाएवढी क्वार्ट्‌झची नळी असते. बटण दाबल्यावर प्रथम नळीतील आर्गॉन वायूतून वीज वाहते, त्या उष्णतेने पाऱ्याची वाफ होते, वाफेचा दाब वाढत जातो आणि चार-पाच मिनिटांनी दिवा पूर्ण तेजाने लागतो. मध्येच वीज जाऊन लगेच परत आली, तरी तो लागत नाही. नळी निवून दाब उतरेपर्यंत वाट पाहावी लागते. आणि तो जड चोक कशासाठी? वायूतून एकदा वीज वाहू लागली की त्याचा रोध कमी कमी होत जातो. प्रवाहाला आवर घालणारे कोणी नसेल, तर दिवा स्वतःलाच जाळून घेईल. पाठ्यपुस्तकात स्वयंप्रवर्तनाची व्याख्या पाठ करणाऱ्या मुलाने हा चोक एकदा हातात घेऊन त्याचा ‘गूं’ असा आवाज ऐकावा.

सोडियमच्या शेंदरी-पिवळ्या दिव्याची कथा तर अधिकच सुरस आहे. तप्त सोडियमची वाफ काच खाऊन टाकते. म्हणून उच्चदाबाचा सोडियम दिवा १९६० नंतरच बाजारात येऊ शकला, अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची अर्धपारदर्शक नळी तयार करता आल्यावर. माणिक आणि नीलम हेही मूळचे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच! जुन्या सीडीचा तुकडा आणि बारीक फट वापरून या दिव्याचा वर्णपट पाहा. पिवळ्या पट्ट्याच्या मधोमध काळी रेघ दिसते. नळीच्या कडेची तुलनेने थंड वाफ मधल्या तप्त वाफेचा नेमका तोच प्रकाश शोषून घेते. सूर्याच्या वर्णपटातील फ्राउनहोफर रेषाही अशाच पडतात. एलईडीच्या वर्णपटात ही गंमत नाही.

त्याहून जुना काळ गॅसच्या दिव्यांचा. मुंबईच्या रस्त्यांवर ते १८६५ साली आले. पुढे आउअर फॉन वेल्सबाख या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञाने थोरियम आणि एक टक्का सीरियम यांच्या ऑक्साइडांची जाळी शोधून काढली आणि गॅसचा प्रकाश एकदम लख्ख झाला. वरातीतल्या गॅसबत्तीची जाळी ती हीच. या जाळ्यांसाठीच विसाव्या शतकाच्या आरंभी त्रावणकोरच्या किनाऱ्यावरची मोनाझाइट वाळू परदेशी जाऊ लागली.

आता दुरुस्तीविषयी. जुन्या छत्रीला सोनेरी रंग फासून आत एलईडीचा गोळा बसवायचा आणि त्याला जीर्णोद्धार म्हणायचे, हा प्रकार मला मुळीच पसंत नाही. उपाहारगृहांतून ही फॅशन बरीच दिसते. दिव्याचा जीव त्याच्या चोकात, चिनी मातीच्या होल्डरात आणि परावर्तकाच्या वळणात आहे. तो शाबूत राखावा. रंग उडालेला असला तरी बिघडत नाही.

अर्थात खांबावरच्या दिव्याला हात लावायचा नाही. ती चोरीही आहे आणि प्राणावरचा खेळही. २३० व्होल्टची जोडणी शिक्षकांनी किंवा तारतंत्र्यानेच करावी. बाहेरची काच फुटलेला पारादिवा कधीही लावू नये, कारण त्यातून थेट बाहेर पडणारे जंबुपार किरण डोळे भाजतात. आतली नळी फुटली तर पारा सांडतो. जुन्या संधारित्रांतले तेल विषारी असू शकते, तेव्हा तो काढून नवा घालावा. येथे मात्र अस्सलपणाचा हट्ट नको. थोरियमची जाळी किंचित किरणोत्सर्गी असते. तिची राख श्वासावाटे आत जाऊ देऊ नये.

शिक्षकांना एक विनंती. आपल्या नगरपालिकेच्या विद्युत विभागाला मुख्याध्यापकांच्या सहीने अर्ज करा आणि पाऱ्याचा एक व सोडियमचा एक असे उतरवलेले दोन दिवे चोकासह मागून घ्या. ते प्रयोगशाळेत आले की त्याच दिवशी प्रत्येकाला एक चिठ्ठी बांधा: कोणत्या रस्त्यावरचा, किती वॅटचा, कधी उतरवला. हे उतरवणाऱ्या तारतंत्र्यालाच विचारावे लागेल. भंगाराच्या ढिगात एकदा गेलेल्या दिव्याचा रस्ता नंतर कोणी सांगू शकत नाही.