लेकरांची सावड



मृगाचा पाऊस पडला की आपल्याकडे सावड सुरू होते. आज चार माणसे माझ्या शेतात हळद लावायला येतात, उद्या मी त्यांच्या शेतात जातो. पैशाचा व्यवहार नाही, हाताला हात. अशीच सावड लेकरांचीही होते. आपली लेक महिना-दोन महिने परदेशातल्या एखाद्या कुटुंबात जाऊन राहते, तिथलेच मूल होऊन. आणि त्यांची लेक आपल्या घरी येते. याला विद्यार्थ्यांची अदलाबदल म्हणतात.

ही कल्पना जुनी आहे. दोन्ही महायुद्धांत काही अमेरिकन स्वयंसेवक जखमी शिपायांना गाडीत घालून दवाखान्यात पोचवत असत. इतके मरण जवळून पाहिल्यावर त्यांनी ठरवले की, देशोदेशींची लेकरे एकमेकांच्या घरात राहिली पाहिजेत. १९४७ साली त्यांच्या ए.एफ.एस. या संस्थेने शाळकरी मुलांची अदलाबदल सुरू केली. १९४८ पासून अमेरिकेतले शेतकरी तरुण दुसऱ्या देशांत शेतकऱ्यांच्याच घरी राहायला जाऊ लागले. त्यांनी तिथे खावे, राहावे आणि शेतात हात लावावा, अशी रीत होती. पुढे आपल्या देशातल्या खेड्यांतही असे पाहुणे येऊन राहिले.

आज रोटरी ही संस्था १५ ते १९ वर्षांच्या मुलामुलींना पाठवते. काही मुले पूर्ण शालेय वर्षासाठी जातात, तर काही सुट्टीत थोड्या दिवसांसाठी, फार तर तीन महिने. सभासदाचेच मूल हवे, अशी अट नाही. जपानच्या सकुरा कार्यक्रमात २०१६ पासून भारतातली शाळकरी मुलेही जाऊ लागली. तो मुक्काम आठवडाभराचा आणि खर्च जपानचा.

आता आपल्या घरातली अडचण बोलू. तिकडचा उन्हाळा जून ते ऑगस्ट. म्हणजे त्यांना सुट्टी लागते तेव्हा आपली शाळा उघडते, अकरावीचे प्रवेश चालू होतात आणि शेतात पेरणीची घाई असते. म्हणून आधी मुख्याध्यापकांशी बोलावे. दुसरी अडचण पैशाची. ठेवून घेणारे कुटुंब राहण्या-जेवण्याचे पैसे घेत नाही, पण विमानाचे तिकीट आणि विमा बहुधा आईबापांनाच भरावा लागतो. त्यासाठी शेत गहाण टाकू नये. सावड ऐपतीतच करावी.

तिसरी गोष्ट, कुणी एजंट दारात येऊन “पोराला परदेशी धाडतो, एवढे पैसे द्या” म्हणाला, तर त्याला चार प्रश्न विचारा. कुणाच्या घरी राहणार? तिथे जबाबदार कोण? परतीचे तिकीट आहे का? शाळेचे पत्र कुठे आहे? उत्तर गुळमुळीत आले तर चहा पाजून वाटेला लावा.

जायचेच ठरले तर तयारी घरातून होते. जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि आधार यांवर नाव एकसारखे असावे. एका ठिकाणी ‘पांडुरंग’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘पांडु’ असेल तर पासपोर्ट अडतो. अठरा वर्षांच्या आतल्या मुलासाठी आईबाप दोघांची लेखी संमती लागते. मांसाहार चालत नसेल तर आधीच कळवावे, ताटावर बसून तोंड वाकडे करू नये. त्या घरात लेकराला पाहुण्याचा पाट नसतो. अंथरूण आपण आवरायचे, ताट आपण धुवायचे. घरात आयते खाणाऱ्या मुलाला ही सवय आत्तापासून लावा, भावजी. वहिनींचेही काम हलके होईल.

मुलीच्या बाबतीत आईचा जीव जास्त कुरतडतो. “लोक काय म्हणतील?” हा प्रश्न आधी येतो. पण माय, हीच लेक चार वर्षांनी अनोळखी घरात सून म्हणून जाईल, तेव्हा तिला परत यायची तारीख नसेल. इथे तारीख ठरलेली असते आणि संस्थेचे माणूस विचारपूस करते. नव्या घरात कसे बोलावे, नको असेल तेव्हा नाही कसे म्हणावे, हे ती आधीच शिकून येईल. पहिले आठ-दहा दिवस ती रडेल. रोज फोन करून तिचे रडणे वाढवू नका.

परदेश लांबचा वाटत असेल तर जवळची वाटही आहे. आपल्या जिल्ह्याचे नवोदय विद्यालय वसमतला आहे. तिथला प्रवेश सहावीत, पाचवीत असताना परीक्षा द्यावी लागते, आणि किमान पाऊण जागा खेड्यातल्या मुलांना असतात. नवोदयाची एक रीत फार चांगली आहे. नववीची काही मुले एका वर्षासाठी हिंदी मुलखातल्या नवोदयात जातात आणि तिकडची आपल्याकडे येतात. तीही सावडच.

आपल्या नर्सीचे नामदेव महाराज पंजाबात जाऊन राहिले, तिथल्या लोकांत मिसळले. त्यांची पदे आज गुरुग्रंथसाहेबात आहेत. परक्या मुलखात आपले माणूस रुजते, हे या मातीला सांगायला नको.

मात्र सावडीचा नियम विसरू नका. आपले लेकरू पाठवायचे तर परक्याचे लेकरू ठेवून घ्यायचीही तयारी हवी. त्याला ठेचा तिखट लागेल, चुलीचा धूर झोंबेल, आपली भाषा कळणार नाही. तरी त्याला पंगतीत आपल्या शेजारी बसवावे. तो कोण, कुठल्या जातीचा, हे विचारायचे नाही.

या दिवाळीच्या सुट्टीत एवढे करून पाहा. नांदेडपलीकडे, तेलुगू बोलणाऱ्या मुलखात कुणी ओळखीचे असेल तर आपले लेकरू आठ दिवस तिकडे पाठवा आणि त्यांचे आपल्याकडे आणा. एस.टी.च्या भाड्यात काम होईल. आठ दिवस नीट पार पडले, तर पुढच्या मोठ्या प्रवासाचे घरात बसून बोलता येईल.