घरात आलेले दप्तर

वाईजवळ मेणवलीस कृष्णाकाठी नाना फडणविसांचा वाडा आहे. नानांपाशी आलेले राज्यकारभाराचे कितीतरी कागद या वाड्यात राहिले व पुढे साताऱ्याच्या दत्तात्रय बळवंत पारसनिसांनी त्यांतील पुष्कळ उजेडात आणले. इकडे मिरजेस वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धन मंडळींनी छावणीतून घरी धाडलेली पत्रे ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’त छापली. राजकारणाचे कागद घरांतून पडून राहिले, हे संशोधकांचे भाग्यच म्हणावयाचे. परंतु ज्या कागदांतील व्यवहार अद्याप जिवंत आहे, तो घरात पडून राहिला तर लाभ कोणाचा होईल, हा प्रश्न आता आपल्या सातारा-सांगलीकडील कुटुंबांपुढे आला आहे.

2020 च्या मार्चात टाळेबंदी झाली आणि पुण्या-मुंबईच्या कचेऱ्या लॅपटॉपांत बसून गावी आल्या. कोणाच्या माडीवर विम्याचे दावे, कोणाच्या माजघरात बँकेची खाती. पुष्कळ मंडळी पुढे परत गेली. तरी घरून काम करण्याची रीत थोडीबहुत टिकली आहे. परक्याची गुपिते आपल्या छपराखाली ठेवणे आपणांस नवे नाही. वकिलाच्या घरातील पोरासोरांसही ठाऊक असे की, अशिलाचे नाव पंगतीत काढावयाचे नाही. तांबड्या रुमालात बांधलेले दप्तर डोळ्यांस दिसे, म्हणून त्याचा धाक राही. लॅपटॉपास रुमाल नाही. सकाळी ज्यावर ग्राहकांचे हिशेब, त्यावरच दुपारी नातवाचा खेळ आणि रात्री चित्रपट! घोटाळा येथेच होतो.

किती होतो, हे अमेरिकेतील ‘लास्टपास’ कंपनीच्या उदाहरणावरून दिसेल. लोकांचे परवलीचे शब्द जपून ठेवणे हाच तिचा धंदा. अगदी आतल्या किल्ल्या अवघ्या चार अभियंत्यांच्या हाती होत्या. 2022 साली चोरांनी त्यांपैकी एकाचा घरचा संगणक गाठला. त्यावर चित्रपट-गाण्यांसाठी ‘प्लेक्स’ नावाचे सॉफ्टवेअर होते. त्यातील दोष काढून टाकणारी नवी आवृत्ती 2020 सालीच निघाली होती. या गृहस्थांनी ती घेतली नव्हती. त्या फटीतून चोरांनी दाबलेली प्रत्येक कळ टिपणारा हस्तक आत सोडला. कंपनीने ओळखीची दुसरी पायरीही ठेवली होती. पण अभियंता ती चढून आत गेला, तेव्हा चोर त्याच्या पाठोपाठ गेले आणि ग्राहकांच्या कुलूपबंद पेट्यांच्या प्रती घेऊन बाहेर पडले.

म्हणून कचेरीच्या यंत्रावर घरच्या कोणी बसू नये, हे उघडच आहे. वायफायच्या पेटीचा कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द बदलावा, हेही सांगून होते. आमच्या मते खरी अडचण निराळीच आहे. एकत्र कुटुंबात कडी लावणे म्हणजे दुरावा, अशी आपली समजूत. सूनबाई पोळ्या लाटण्यास उठताना पडदा बंद करते, तो सासूबाईंवरील अविश्वास समजला जातो. वास्तविक ती सासऱ्यांच्या वकिली दप्तराचीच शिस्त पाळीत असते. त्यातही मुलास माडीवरची खोली मिळते आणि सुनेच्या वाट्यास स्वयंपाकघराशेजारचा कोपरा येतो. येणारा-जाणारा प्रत्येकजण जेथून जातो, तेथे बसून तिने कोणाची गुपिते राखावीत? ग्राहकाचे नाव आणि थकलेली रक्कम सोप्यावर बोलली गेली, तर शेजारी ऐकणारच. तिलाही दाराची खोली हवी.

दोष घरांनाच देऊन मालकांनी मोकळे होऊ नये. आपापले यंत्र वापरा म्हणणाऱ्या कंपनीस मागाहून कुरकुर करण्याचा अधिकार नाही. यंत्र तिने द्यावे, आतील मजकूर सांकेतिक लिपीत बंदिस्त ठेवावा, ज्यास जेवढे काम तेवढेच कागद दाखवावे. तिची वाट बिकट असली की माणसे फायली आपल्याच व्हॉट्सअॅपवर धाडू लागतात. वैयक्तिक माहिती राखण्यात कसूर झाल्यास 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 250 कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे, आणि तो माहिती बाळगणाऱ्या संस्थेवर आहे, पगारी कारकुनावर नव्हे.

शिवाय माहिती फुटल्यासारख्या घटनेची वर्दी, ती लक्षात आल्यापासून 6 तासांत ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेस द्यावी, असा एप्रिल 2022 चा आदेश आहे. बोलणी खावी लागतील या भीतीने नोकर दोन दिवस गप्प बसला, तर ही मुदत कोण पाळणार? यंत्र स्वारगेटच्या एसटीत राहून गेले, असे ध्यानात येताच प्रथम कचेरीस फोन करावा. डेपोत चौकशी त्यानंतर.